दुखणे उलटले, की नव्याने जडले? गोचिडीतील जीवाणूंची जनुकीय ओळखपरेड

प्रतिनिधी

न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेला वेस्टचेस्टर नावाची काउंटी आहे. झाडीत वसलेली घरे, घरामागे हिरवळ, हिरवळीपलीकडे रान आणि त्या रानातून बिनदिक्कत अंगणात येणारी हरणे, असा हा परिसर. लाइम रोगाचा मुक्काम येथे कायमचाच म्हणायला हवा. जून-जुलैच्या सुमारास येथील एखाद्या रहिवाशाच्या मांडीवर किंवा काखेत लाल चट्टा उमटतो, दिवसागणिक पसरत ताटलीएवढा होतो, ताप भरतो, अंग मोडून येते. डॉक्टर डॉक्सिसायक्लीनच्या गोळ्या देतात. चट्टा जातो, रुग्ण बरा होतो. काही वर्षांनी, पुन्हा उन्हाळ्यात, तसाच चट्टा उमटतो. प्रश्न असा, की पहिले दुखणे मुळापासून गेलेच नव्हते आणि ते उलटले, की दुसरी गोचीड चावली आणि दुखणे नव्याने जडले?

वरवर पाहता हा शब्दच्छल वाटेल. कारण दोन्ही वेळा औषध तेच द्यायचे आहे. परंतु उत्तरावर बरेच काही अवलंबून आहे. दुखणे उलटले असेल, तर दोन-तीन आठवड्यांची प्रतिजैविके अपुरी पडतात असा त्याचा अर्थ होतो, आणि मग महिनोन्महिने औषध चालू ठेवण्याची, प्रसंगी शिरेत नळी बसवून ते देण्याची मागणी रास्त ठरते. अमेरिकेत या मागणीवरून रुग्णसंघटना आणि संसर्गरोगतज्ज्ञ यांच्यात वर्षानुवर्षे वाद झडत आला आहे. २००६ मध्ये तर कनेक्टिकट राज्याच्या अॅटर्नी जनरलनी तज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने काढलेल्या उपचारविषयक सूचनांचीच चौकशी आरंभली होती. २०१० मध्ये स्वतंत्र समितीने त्या सूचना ग्राह्य ठरविल्या, तरी वाद शमला नाही. दुसरीकडे, दीर्घकाळ ठेवलेल्या नळीतून जंतुसंसर्ग होऊन रुग्ण दगावल्याच्या नोंदीही वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. अशा या वादाचा एक महत्त्वाचा भाग २०१२ मध्ये निकालात निघाला, तो जीवाणूच्या एका जनुकाच्या साक्षीवर. ही साक्ष कशी घेतली जाते, ती कितपत विश्वासार्ह असते आणि आपल्याकडील गोचीडजन्य तापांशी तिचा काय संबंध, हे समजून घेण्यासारखे आहे.

लाइम गावचे दुखणे

आजाराला नाव मिळाले ते कनेक्टिकट राज्यातील लाइम या छोट्या गावावरून. १९७५ च्या सुमारास या परिसरातील अनेक मुलांचे गुडघे एकाएकी सुजू लागले. पॉली मरे यांच्यासारख्या मातांनी आरोग्य खात्याकडे आणि येल विद्यापीठाकडे पाठपुरावा केल्यामुळे प्रकरणाची दखल घेतली गेली. अॅलन स्टीअर आणि सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये ५१ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत ३९ मुले होती. संशय कीटकदंशावर होता, पण जंतू सापडत नव्हता. तो सापडला १९८१ मध्ये, आणि तोही भलत्याच जंतूच्या शोधात असताना. मोंटाना राज्यातील रॉकी माउंटन प्रयोगशाळेत विली बर्गडॉर्फर हे न्यूयॉर्कजवळच्या शेल्टर बेटावरून आलेल्या गोचिडींची आतडी तपासत होते. शोध होता रिकेट्सियाचा. सूक्ष्मदर्शकाखाली दिसले मात्र मळसूत्रासारखे वळलेले लांबट जीवाणू. १९८४ मध्ये या जीवाणूला 'बोरेलिया बर्गडॉर्फेराय' असे नाव देण्यात आले.

हा जीवाणू जंगलात पांढऱ्या पायांच्या उंदरांसारख्या लहान प्राण्यांत आणि पक्ष्यांत वास करतो. तेथून तो गोचिडीच्या पोटात जातो आणि गोचिडीकडून माणसात येतो. माणसाला बहुधा चावते ती पूर्ण वाढ न झालेली, खसखशीच्या दाण्याएवढी गोचीड. त्यामुळे चावल्याचे अनेकांना कळतही नाही. हरणे या जीवाणूला पोसत नाहीत, ती गोचिडींना पोसतात. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या अंदाजानुसार २०१० ते २०१८ या काळात त्या देशात दरवर्षी सुमारे ४ लाख ७६ हजार लोकांवर लाइम रोगाचे उपचार झाले. न्यू जर्सी, कनेक्टिकट, मॅसॅच्युसेट्स या राज्यांत आज कितीतरी मराठी कुटुंबे स्थायिक आहेत आणि उन्हाळ्यात मुला-नातवंडांकडे जाणाऱ्या आई-वडिलांची वर्दळही तेथे मोठी असते. तेव्हा हा आजार आपल्यालाही अगदीच परका राहिलेला नाही.

आडनाव एक, माणसे अनेक

रक्ताच्या नेहमीच्या चाचणीत प्रतिपिंडे शोधतात. शरीराने त्या जंतूविरुद्ध कधी तरी शस्त्र उचलले होते, एवढेच ही चाचणी सांगते. प्रतिपिंडे बरे झाल्यावरही महिने, वर्षे रक्तात राहू शकतात. त्यामुळे दुसऱ्या वेळी चट्टा उमटला, तर ही चाचणी पुन्हा होकार देणार आणि आपण होतो तेथेच राहणार. जंतूची नेमकी ओळख पटवायची तर जंतूच हाती हवा, निदान त्याचा डीएनए तरी हवा.

येथे प्रजाती आणि उपप्रकार यांतला फरक ध्यानात घ्यावा लागतो. 'बोरेलिया बर्गडॉर्फेराय' हे झाले आडनाव. कुलकर्णी गावोगावी असतात. पण अमुक कुलकर्णी कोण, हे सांगायला त्यांचे नाव, वडिलांचे नाव आणि गाव लागते. जीवाणूच्या बाबतीत हा तपशील त्याच्या जनुकांत लिहिलेला असतो. एका प्रजातीतील, पण जनुकांच्या लिखाणात थोडा-थोडा फरक असलेल्या अशा वंशांना शास्त्रज्ञ 'स्ट्रेन' म्हणतात. आपण उपप्रकार म्हणू. करोनाच्या साथीत अल्फा, डेल्टा, ओमायक्रॉन ही नावे घरोघरी पोहोचली, ती याच प्रकारच्या ओळखपरेडीतून.

फरक येतो कोठून? जीवाणू दुभंगतो तेव्हा त्याच्या डीएनएची नक्कल होते आणि नक्कल करताना क्वचित एखादे अक्षर चुकते. ती चूक पुढच्या सगळ्या नकलांत उतरते. मराठी वाचकाला हे वेगळे समजावून सांगायला नको. ज्ञानेश्वरीच्या पोथ्या हाताने उतरविल्या जात आणि प्रतीगणिक पाठभेद वाढत गेले, म्हणूनच शके १५०६ मध्ये एकनाथांना शुद्ध प्रत सिद्ध करावी लागली. दोन पोथ्यांत एकच विचित्र चूक आढळली, तर त्या एकाच मूळ प्रतीवरून उतरल्या असाव्यात, असे अभ्यासक ताडतात. जनुकतज्ज्ञही नेमके हेच करतो. फक्त त्याच्या पोथीत चारच अक्षरे असतात.

बोरेलियाची ही पोथी मोठी चमत्कारिक आहे. शेल्टर बेटावरच्या गोचिडीतून मिळालेल्या 'बी-३१' या उपप्रकाराचा जनुकसंच १९९७ मध्ये वाचून काढण्यात आला. बहुतेक जीवाणूंचे गुणसूत्र कड्यासारखे गोल असते. याचे मात्र दोरीसारखे सरळ आहे, सुमारे ९ लाख १० हजार अक्षरांचे. शिवाय त्याच्याजवळ प्लास्मिड म्हणजे डीएनएचे सुटे तुकडे आहेत तब्बल २१. त्यांपैकी १२ सरळ आणि ९ गोल. मूळ ग्रंथाला इतकी परिशिष्टे जोडलेला जीवाणू विरळाच. गंमत अशी, की प्रयोगशाळेत दीर्घकाळ वाढविला तर तो यांतली काही परिशिष्टे हरवून बसतो, आणि त्यांतल्या काहींवाचून त्याला उंदराला रोग जडविताच येत नाही. म्हणून जुन्या बाटलीतला जीवाणू आणि रुग्णाच्या कातडीतून आज काढलेला जीवाणू यांची तुलना जपूनच करावी लागते.

एवढी पोथी दर वेळी पूर्ण वाचणे पूर्वी शक्य नव्हते आणि आजही दर वेळी गरजेचे नसते. कोणती पाने उघडायची, यावरून वेगवेगळ्या पद्धती निघाल्या. सुरुवातीच्या पद्धतीत डीएनए विशिष्ट ठिकाणी कापणाऱ्या विकरांनी त्याचे तुकडे करत आणि ते लांबीनुसार वेगळे करून पट्ट्यांची नक्षी पाहत. ही नक्षी दोन उपप्रकारांत वेगळी दिसे, परंतु एका प्रयोगशाळेची नक्षी दुसरीशी ताडून पाहणे जिकिरीचे होई. पुढे पीसीआर आले, आणि नेमका हवा तो उतारा लक्षावधी पटींनी वाढवून त्यातली अक्षरे वाचणे सोपे झाले. मग काही शास्त्रज्ञांनी दोन जनुकांमधली रिकामी जागा निवडली. तिच्यावर कोणतेही काम सोपविलेले नसल्याने तेथल्या चुका खपून जातात आणि उपप्रकारांतले फरक तेथे लवकर साचतात.

पण लाइमच्या बाबतीत सर्वांत गाजले ते 'ओएसपी-सी' हे जनुक. गोचिडीच्या पोटात असताना जीवाणूच्या अंगावर 'ओएसपी-ए' नावाच्या प्रथिनाचा पोशाख असतो. गोचीड रक्त पिऊ लागली, की तो हा पोशाख उतरवून 'ओएसपी-सी' चढवितो, कारण सस्तन प्राण्याच्या शरीरात पाय रोवायला तेच लागते. साहजिकच शरीराची प्रतिकारशक्ती प्रथम याच प्रथिनावर तुटून पडते, आणि वाचायचे तर वेगळे दिसायला हवे, या न्यायाने त्याचे नाना नमुने टिकून राहिले. अमेरिकेच्या ईशान्य भागातच त्याचे पंधरापेक्षा अधिक प्रकार आढळतात. त्यांना ए, बी, सी, डी अशी अक्षरे दिली आहेत. एका प्रकाराविरुद्ध तयार झालेली प्रतिकारशक्ती दुसऱ्या प्रकाराला अडवीत नाही. हा मुद्दा पुढे कामाला येणार आहे.

या पद्धतीत एक उणीव आहे. 'ओएसपी-सी'ची देवघेव उपप्रकारांत आपापसात होऊ शकते. म्हणजे पोशाखावरून कुळ ओळखायला गेलो तर फसगत संभवते. त्यावर उतारा म्हणून जीवाणूच्या रोजच्या घरकामाची जनुके निवडण्यात आली. ती संथपणे बदलतात आणि त्यांवर प्रतिकारशक्तीचा रोख नसतो. २००८ मध्ये गॅब्रिएल मार्गोस आणि सहकाऱ्यांनी अशी आठ जनुके निश्चित केली. प्रत्येक जनुकाच्या प्रत्येक पाठभेदाला एक क्रमांक द्यायचा. आठ जनुकांचे आठ क्रमांक झाले, की जीवाणूची ओळख पटते आणि ती जगातल्या कोणत्याही प्रयोगशाळेत तशीच वाचता येते. आठ आकड्यांच्या या शिक्क्यामुळे निरनिराळ्या देशांतील नमुने प्रथमच एका वहीत नोंदता आले.

बावीस जोड्यांचा निकाल

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. वेस्टचेस्टरमधील न्यूयॉर्क मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी १९९१ पासून एक चिकाटीचे काम चालविले होते. लाल चट्टा घेऊन येणाऱ्या रुग्णांच्या चट्ट्यातून किंवा रक्तातून ते जीवाणू वाढवून जपून ठेवत. हे काम सोपे नाही. बोरेलियाला खास पोषक द्रव लागतो आणि तो फार सावकाश वाढतो. आतड्यातला ई-कोलाय अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो. याला अनेक तास लागतात. म्हणूनच नेहमीच्या दवाखान्यात लाइमचे निदान जीवाणू वाढवून कोणी करीत नाही. येथे मात्र वीस वर्षांच्या या साठ्यात अनायासे असे १७ रुग्ण सापडले, की ज्यांना एकापेक्षा अधिक वेळा चट्टा उमटला होता आणि प्रत्येक वेळचा जीवाणू उपलब्ध होता. लागोपाठच्या दोन आजारांची एक जोडी धरली, तर अशा जोड्या भरल्या २२.

प्रत्येक जोडीतील दोन्ही जीवाणूंचे 'ओएसपी-सी' वाचण्यात आले. पहिले दुखणे उलटले असते, तर दोन्ही वेळा एकच प्रकार मिळायला हवा होता. २२ पैकी एकाही जोडीत तो मिळाला नाही. प्रत्येक वेळी दुसरा चट्टा हा दुसऱ्या उपप्रकाराचा, म्हणजे दुसऱ्या गोचिडीचा निघाला. हा अभ्यास नोव्हेंबर २०१२ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाला.

येथे चाणाक्ष वाचक शंका काढील, की नवी गोचीडही योगायोगाने जुन्याच प्रकाराची असू शकते. शंका बरोबर आहे. समजा, रानात पंधरा प्रकार सारख्या प्रमाणात आहेत. तर नव्या दंशातून तोच प्रकार मिळण्याची शक्यता पंधरात एक. २२ जोड्यांत असा योगायोग एखाद-दुसऱ्या वेळी घडावा, किंवा घडूही नये. याउलट दुखणे उलटत असते, तर २२ च्या २२ जोड्या जुळल्या असत्या. दोन अंदाजांतील अंतर एवढे मोठे आहे, की रुग्ण अवघे १७ असूनही निष्कर्ष डळमळत नाही. यातील एका रुग्णाची कथा तर विशेष बोलकी आहे. त्याला चार वेळा चट्टा उमटला. पहिल्या आणि तिसऱ्या वेळी उपप्रकार एकच होता. परंतु या दोहोंत पाच वर्षांचे अंतर, आणि मधल्या दुसऱ्या वेळी, तसेच नंतरच्या चौथ्या वेळी उपप्रकार निराळे! पहिला जीवाणू पाच वर्षे दडून बसला आणि मधल्या उपचारांतूनही वाचला, असे मानण्यापेक्षा रानाच्या कडेला राहणाऱ्या या माणसाला पुन्हा त्याच प्रकाराची गोचीड चावली, हे मानणे अधिक सयुक्तिक.

या अभ्यासातून काय सिद्ध होत नाही, हेही सांगायला हवे. उपचार झाल्यावरही काही रुग्णांना महिनोन्महिने थकवा, अंगदुखी, विसरभोळेपणा जाणवतो. अमेरिकी रोगनियंत्रण केंद्र हे प्रमाण पाच ते दहा टक्के सांगते. या रुग्णांना चट्टा नसतो आणि त्यांच्यातून वाढवता येईल असा जीवाणूही मिळत नाही. त्यामुळे २२ जोड्यांचा निकाल त्यांच्या त्रासाचे कारण सांगत नाही आणि तो त्रास खोटाही ठरवत नाही. या निकालाचा दोन्ही बाजूंनी वकिली थाटात वापर झाला, हे मात्र खरे. निकाल आहे तो चट्ट्यापुरता. वेळेवर औषध घेतलेल्याला पुन्हा चट्टा उमटला तर तो नवा दंश समजावा आणि रुग्णाने अंगण, पायघोळ कपडे व रोजची अंगतपासणी यांकडे लक्ष द्यावे.

वितळण्याच्या अंशावरून पकडलेला

जनुकीय पद्धतीने ओळखीचा जंतू कोणत्या प्रकारचा, हे कळते. क्वचित अनोळखीही हाती लागतो. मिनेसोटा राज्यातील रोचेस्टर येथील मेयो क्लिनिकमध्ये लाइमच्या संशयित नमुन्यांवर पीसीआर चाचणी केली जाते. वाढविलेला डीएनएचा उतारा शेवटी हळूहळू तापवितात. एका विशिष्ट तापमानाला त्याचे दोन पदर सुटे होतात. जी आणि सी या अक्षरांची जोडी तीन बंधांनी, तर ए आणि टी यांची दोनच बंधांनी जुळलेली असते. त्यामुळे अक्षरांचे प्रमाण बदलले, की पदर सुटण्याचे तापमानही थोडे सरकते. २०१२ ते २०१४ या काळातील मिनेसोटा, विस्कॉन्सिन आणि नॉर्थ डकोटा येथील सुमारे नऊ हजार नमुन्यांपैकी सहा नमुने असे 'भलत्याच अंशावर' वितळले. यंत्राची चूक म्हणून ते बाजूला टाकता आले असते. तसे न करता त्यांची अक्षरे वाचण्यात आली आणि ती ज्ञात बोरेलियांपैकी कोणाशीच जुळेनात. २०१६ मध्ये या नव्या प्रजातीला 'बोरेलिया मेयोनाय' हे नाव सुचविण्यात आले. तिच्या रुग्णांत मळमळ व उलट्या दिसल्या, चट्टे विखुरलेले होते आणि रक्तात जीवाणूंची संख्या नेहमीच्या लाइमपेक्षा बरीच अधिक होती. नावानिशी वेगळी काढली नसती, तर ही लक्षणे 'लाइम नव्हे' म्हणून दुर्लक्षिली गेली असती.

उपप्रकारावरून आजाराचे वळणही बदलते, याची चिन्हे जुनीच आहेत. युरोपात लाइमला कारणीभूत होणाऱ्या प्रजाती अनेक आहेत. 'अफझेलिआय' कातडीवर रेंगाळते, 'गॅरिनाय' मज्जासंस्थेकडे वळते, तर अमेरिकेत मुख्यतः आढळणारी 'बर्गडॉर्फेराय' सांधे धरते. १९९९ मधील एका अभ्यासात 'ओएसपी-सी'च्या ए, बी, आय आणि के या चारच गटांचे जीवाणू कातडी सोडून रक्तात वा अन्यत्र पोहोचल्याचे दिसले होते. पुढे ही यादी वाढली, तथापि सगळे उपप्रकार सारखेच घातक नसतात, हे सूत्र टिकले. २०२३ मध्ये तर अमेरिका आणि मध्य युरोपातील रुग्णांकडून मिळालेल्या २९९ जीवाणूंच्या संपूर्ण पोथ्या वाचून प्रसिद्ध झाल्या. शरीरभर पसरण्याकडे कल असलेल्या 'ए' प्रकाराच्या जीवाणूंजवळ काही ठराविक प्लास्मिड आणि त्यांवरची जनुके एकत्र बांधल्यासारखी आढळली. म्हणजे घातकपणाचे मर्म मूळ ग्रंथापेक्षा परिशिष्टांत दडले असावे.

लशीचा प्रश्नही येथेच येऊन मिळतो. अमेरिकेत १९९८ मध्ये लाइमची लस बाजारात आली होती, ती २००२ मध्ये उत्पादकांनी मागे घेतली. ती 'ओएसपी-ए'च्या एकाच नमुन्यावर बेतलेली होती. युरोपातील नाना प्रजातींपुढे ती अपुरी पडली असती. २०२२ मध्ये जिची मोठी मानवी चाचणी सुरू झाली, त्या लशीत सहा नमुने गोवले आहेत. कोणते सहा, हे ठरविता आले ते उपप्रकारांच्या या वह्यांमुळेच.

आठ जनुकांच्या शिक्क्याने इतिहासालाही हात घातला. २००८ च्या अभ्यासाने या जीवाणूचे मूळ युरोपात असावे, असे सुचविले होते. २०१७ मध्ये येल विद्यापीठाच्या संशोधकांनी गोचिडींतील जीवाणूंचे संपूर्ण जनुकसंच ताडून पाहिले, तेव्हा तो उत्तर अमेरिकेत निदान साठ हजार वर्षांपासून नांदत असल्याचे दिसले. तेव्हा १९७५ ची साथ काही नव्या, उग्र जीवाणूने आणलेली नव्हती. शेते ओस पडून रान पुन्हा वाढले, हरणे वाढली, त्या रानात माणसाने घरे बांधली. जीवाणू तेथे आधीपासून होताच.

आपल्याकडचा गोचीडजन्य ताप

आपल्याकडे 'गोचीड ताप' म्हटले, की पशुपालकाला गोठ्यातली गाय आठवते. तो आजार निराळ्या परोपजीवींचा. सिंधुदुर्गात आणि गोव्यात धास्ती घालणारा माकडताप गोचिडीमुळेच होतो, पण तो विषाणूचा. २०१८ मध्ये विदर्भात गाजलेला स्क्रब टायफस जीवाणूचा खरा, मात्र तो गोचिडीने नव्हे तर अतिसूक्ष्म माइटच्या अळीने होतो. लाइमच्या तर भारतातून तुरळकच नोंदी आहेत. गोचिडीतून येणारा जो जीवाणूजन्य ताप खऱ्या अर्थाने आपला आहे, त्याचे नाव 'इंडियन टिक टायफस'. पुणे जिल्ह्यातील अशा गोचीडजन्य रिकेट्सिया आजारांवरील अभ्यास १९८४ मध्येच प्रसिद्ध झालेला आहे.

या तापाचा जंतू कोणता, यावर बराच काळ संदिग्धता होती. १९१० मध्ये ट्युनिस येथे वर्णिलेल्या भूमध्य सागरी तापाचा जंतू 'रिकेट्सिया कोनोराय' हाच तो, असे ढोबळमानाने मानले जाई. कुत्र्याच्या अंगावरची तपकिरी गोचीड दोन्हीकडे समान. पण लक्षणे पुरती जुळत नव्हती. भूमध्य प्रदेशात दंशाच्या जागी काळी खपली हमखास दिसते. भारतीय रुग्णांत ती क्वचितच आढळते आणि पुरळ मात्र अनेकदा रक्ताळ, जांभळट असते. २००१ मध्ये फ्रान्समधील शास्त्रज्ञांनी भारतातून परतलेल्या एका प्रवाशात भारतीय प्रकाराचा संसर्ग जनुकीय चाचणीने प्रथम नोंदविला. त्यानंतर काही जनुके आणि जनुकांमधल्या रिकाम्या जागा ताडून २००५ मध्ये 'कोनोराय'च्या चार उपप्रजाती मांडण्यात आल्या. भूमध्य सागरी, इस्राएली, कास्पियन परिसरातील आणि चौथी 'इंडिका'. तिच्या नमुन्याचा उगम १९५० मध्ये भारतात गोळा केलेल्या गोचिडीत होता. २०१२ मध्ये तिचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला.

बारसे परदेशात झाले, रुग्ण मात्र येथलेच आहेत, आणि त्यांच्या वाट्याला बहुधा येते ती १९१६ मधली वाइल-फेलिक्स चाचणी. तिच्यात रिकेट्सिया वापरतच नाहीत. प्रोटियस या भलत्याच जीवाणूशी रुग्णाचे रक्त गुठळ्या करते का, एवढे पाहतात. स्वस्त आहे, सर्वत्र मिळते, म्हणून टिकली. ती उपप्रकार तर सोडाच, प्रजातीही सांगू शकत नाही आणि आजाराच्या पहिल्या आठवड्यात अनेकदा नकारच देते.

रुग्णशय्येजवळ हा तपशील लागतो का? प्रामाणिक उत्तर आहे, त्या क्षणी नाही. इंडिका असो वा अन्य कोणी, औषध डॉक्सिसायक्लीनच आणि ते अहवालाची वाट न पाहता, संशय येताच सुरू करायचे असते, मुलांतही. ताप, डोकेदुखी आणि तळहात-तळपायांपर्यंत पोहोचलेले पुरळ दिसत असताना काळी खपली सापडत नाही म्हणून थांबणे धोक्याचे, हे तर उपप्रजातींच्या अभ्यासानेच दाखवून दिले. जनुकीय ओळखीचा उपयोग त्यानंतरचा आहे. एका तालुक्यात अचानक वाढलेले रुग्ण एकाच वंशाचे आहेत का, तो वंश कुत्र्यांवरच्या गोचिडींत आहे की गुरांवरच्या, येथली चाचणी कोणत्या प्रथिनावर बेतावी, या प्रश्नांची उत्तरे अन्य मार्गाने मिळत नाहीत.

त्यासाठी लागणारी गोष्ट फार खर्चाची नाही. रिकेट्सिया रक्तवाहिन्यांच्या अस्तरात राहतो, रक्तात थोडा असतो, आणि प्रतिजैविके सुरू झाल्यावर त्याचा डीएनए रक्तात सापडणे झपाट्याने अवघड होते. म्हणून गोठू न दिलेल्या रक्ताची एक नळी, आणि पुरळ असेल तर त्या जागच्या कातडीचा बारीक तुकडा, औषधाची पहिली मात्रा देण्यापूर्वी काढून बर्फात ठेवावा लागतो. नमुना निघाला, की गोळी लगेच द्यायची.